घटनास्थळी कोणी नाही

सोमवार, ३ फेब्रुवारी

खोली मिळाली! आणि मिळाली ती कुठे, तर बरोब्बर तिच्या बाल्कनीसमोर. कॉलेजात दीड वर्ष मी पाचव्या बाकावर आणि ती तिसऱ्या. मधे कायम कुणाची तरी मान. आता मधे फक्त बारा पावलांची गल्ली. सामान टाकलं आणि एकटाच मोठ्याने हसलो. सामान म्हणजे तरी काय, एक वळकटी, एक बॅग आणि ही वही. पुठ्ठ्याच्या बांधणीची घेतली मुद्दाम. पाठकोऱ्या कागदांवर आयुष्य लिहायचं नाही असं ठरवलंय.

कॉलेज का सोडलं ते इथे एकदाच लिहितो आणि विषय संपवतो. एक जण तिच्याबद्दल वाईट बोलला, मी त्याच्या कानाखाली जाळ काढला, प्राचार्य म्हणाले माफी माग, मी म्हणालो नाही मागणार. बस. बाबा म्हणाले, तुझं डोकं म्हणजे उतू जाणारं दूध, खाली विस्तव कुणाचाही असो. ती मात्र तेव्हाही काही बोलली नाही, पुढेही नाही. सत्र संपल्यावर घरी निघून आली, आणि तिच्या मागोमाग मी इथे. तिला अजून माहीत नाही. कळेल.

घर दुमजली. खाली घरमालकीणबाई आणि त्यांची मुलगी, वर मी. माझा जिना बाहेरून. बाई शाळांचे गणवेश शिवतात. दहा मिनिटांतच म्हणाल्या, बाई काय, मावशी म्हण. मुलगी सव्वीस वर्षांची, पण मनाने पाच-सहाची. एक पाय ओढत चालते, मोजकेच शब्द बोलते. मावशी तिला चिमणी म्हणतात. ती दिवसभर बटणं निवडते, पांढरी एका डब्यात, निळी दुसऱ्यात. मला बराच वेळ न्याहाळून तिने एक निळं बटण हातावर ठेवलं आणि म्हणाली, दादा. चला, आल्या दिवशीच बढती.

खालच्या खिडक्यांना आतून प्लायवूड ठोकलंय. का म्हणून विचारलं, तर मावशी म्हणाल्या, ऊन फार येतं रे.

खिडक्या उत्तरेकडे आहेत.

माझी खिडकी मात्र उघडी. चौकटीत जुन्या खिळ्यांची चार भोकं आहेत. एकात खुंटी बसवून शर्ट अडकवला.

५:१० ती बाल्कनीत, केस वाळवायला. ५:२५ आत. निळा ड्रेस.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

पंखे आणि वॉशिंग मशीन दुरुस्तीच्या दुकानात चिकटलो. मालकाला सगळे उस्ताद म्हणतात. पहिल्या दिवशी त्याने मला जळालेली मोटर उकलायला दिली आणि म्हणाला, कॉलेजात काय शिकलास ते विसर, ही तार तुला गुंडाळायला शिकवेल, आधी हिची माफी माग. हिची मागितली. दुकान दोन ते सहा बंद असतं, म्हणजे दुपारी मी घरी.

आज चार वाजता कळलं, ऊन म्हणजे काय.

समोरच्या पायऱ्यांवर, म्हणजे तिच्याच घराच्या, सात-आठ जण येऊन बसले. पोरं म्हणावीत तर दोघांना स्वतःची पोरं असतील. त्यांच्या मधोमध प्लॅस्टिकच्या खुर्चीवर तिचा मोठा भाऊ. अख्खी गल्ली त्याला भाऊच म्हणते, साठीचा वाणीसुद्धा. तो काही करत नाही. पायावर पाय टाकून बसतो, बोलतही नाही. बाकीचे उठतात, आमच्या दारावर काठ्या बडवतात, एक जण चिमणीसारखा पाय ओढत गल्लीभर फिरतो, बाकीचे टाळ्या वाजवतात. शेवटी दारावर खरकट्याची पिशवी. वीस मिनिटं. मग शिफ्ट सुटल्यासारखे शांतपणे पांगतात.

धावत खाली गेलो. मावशी मशीनवर बसल्या होत्या, पाय भराभर चालत होता, आणि सुईखाली कापडच नव्हतं. मशीनचा आवाज चालू राहिला की चिमणीला बाहेरचं कमी ऐकू येतं, म्हणाल्या.

चार वर्षं चाललंय. कशावरून? चिमणीने एकदा भाऊच्या नव्या गाडीच्या बॉनेटवर बटणं मांडली होती, ओळीने, छान. एक ओरखडा पडला. बस, एवढंच.

मी म्हणालो, पोलिसांत का नाही जात? मावशींनी ट्रंक उघडली. आत नऊ वह्या. पोलिसांनीच सांगितलं होतं म्हणे, रोजची नोंद ठेवा, तारीख, वेळ, काय झालं, साक्षीदार कोण. आणि प्रत्येक तक्रारीची पोच. एकतीस पोचपावत्या वाचल्या. एकतीस वेळा तेच वाक्य: घटनास्थळी कोणी आढळून आले नाही, प्रकरण किरकोळ. कसं आढळणार? गाडी दीड तासाने येते.

मावशींना आता नीट दिसत नाही, त्यामुळे दहावी वही कोरीच आहे. मी म्हणालो, यापुढे मी लिहितो. माझ्या वहीतच लिहितो, दोन-दोन वह्या कोण सांभाळणार.

५:१५ ती बाल्कनीत. खाली पायऱ्यांवर पडलेल्या काठ्यांकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

सोमवार, १० फेब्रुवारी

मावशींना घेऊन ठाण्यात गेलो. मी भांडायच्याच तयारीने गेलो होतो, पण तिथले हवालदार भलतेच गोड. मावशींना खुर्ची दिली, पाणी दिलं, गुडघे कसे आहेत विचारलं. पुढचं सगळं तितक्याच गोड आवाजात. मुलीची साक्ष धरता येत नाही, तिला समज नाही. तुमची धरता येत नाही, तुम्ही तक्रारदार. शेजारी म्हणतात आम्ही काही पाहिलं नाही. बाहेरचा एक साक्षीदार आणा, मग बघा मी काय करतो.

मी टेबलावर थाप मारली, म्हणालो, हा काय बसलाय! मी पाहिलंय, रोज पाहतो, माझ्या खिडकीतून सगळं दिसतं.

हवालदारांनी मला पहिल्यांदाच नीट पाहिलं. खिडकीतून? म्हणाले, वा. मग लिही बाळा. तारखेसह, वेळेसह, काही गाळू नकोस. जितकं बारीक तितकं बरं.

परतताना मावशी म्हणाल्या, चार वर्षं उंदराला मांजर साक्ष होतं रे, आता तू आहेस. आणि वाटेतच डोळ्याला पदर लावला. मला इतकं भारी वाटलं की काय सांगू. कॉलेज सोडल्यापासून पहिल्यांदाच कुणाच्या तरी उपयोगी पडलो.

४:०० ते ४:२०, काठ्या, सात जण, एक लाल टोपीवाला. ५:१२ ती बाल्कनीत, हातात पुस्तक. ५:४० आत.

बुधवार, १२ फेब्रुवारी

मी जेवायला खाली जातो, पण दार वाजलं की चिमणी टेबलाखाली शिरते, थरथरते, मग तासभर बाहेर येत नाही. म्हणून आज तिच्यासाठी खेळ काढला. दोनदा टकटक, थांबायचं, मग एकदा. म्हणजे दादा. आतून ती विचारते, कोण? मी म्हणतो, कोणी नाही! पोलिसांचंच वाक्य, वाया का घालवायचं. पहिल्यांदा ती गप्प राहिली. दुसऱ्यांदा खुदकन आवाज आला. पाचव्या वेळेला इतकी हसली की कडी काढताना तिचे हात घसरत होते. मावशी म्हणाल्या, चार वर्षांत हिने स्वतःच्या हाताने कडी काढलेली नाही.

आता ती दिवसभर दाराशीच बसते, बटणांचे डबे घेऊन, माझी वाट बघत. मी मुद्दाम वर जातो, खाली येतो, वर जातो. सव्वीस वर्षांची चिमणी आणि वीस वर्षांचा येडा.

शनिवार, १५ फेब्रुवारी

आज गल्लीत शिरलो आणि पायऱ्यांवरून एक जण ओरडला, आले आले, जावई आले! बाकीचे उठून उभे राहिले, वाकून नमस्कार, या जावईबापू, कसा काय बेत, सासूबाईंनी बटणांची भाजी केलीय म्हणे. मला वाटलं आता सटकणार माझी. पण वर बाल्कनीत ती होती. म्हणून दात आवळून आत गेलो.

चिमणी मला दादा म्हणते आणि गल्ली मला जावई. किळस येते. शब्दानेसुद्धा माणसाच्या अंगावर घाण टाकता येते, हे माहीत नव्हतं.

ती हसली. नाही, तिच्या डोळ्यांवर ऊन असेल. नाही, हसली. ५:०५ ते ५:०९. आज चारच मिनिटं थांबली.

संध्याकाळी वाण्याने काड्यापेटी देताना विचारलं, जावई, अजून काही?

मंगळवार, १८ फेब्रुवारी

केलं. शेवटी केलंच.

चार वाजता मावशी कचरा टाकायला दार उघडतात तोच लाल टोपीवाल्याने हात आत घालून चिमणीचा निळा डबा उचलला आणि गटारात ओतला. सावकाश, एकेक बटण. चिमणी ओरडली नाही. गटाराच्या काठावर बसून मोजत होती, पडताना. तळपायाची आग मस्तकात गेली. जिन्यावरून उडी टाकली आणि एकच दिली त्याला, टोपी पलीकडच्या ओट्यावर.

दहा मिनिटांत पोलिसांची गाडी. दहा! एकतीस तक्रारींना दीड-दीड तास आणि माझ्या एका थपडेला दहा मिनिटं. आज घटनास्थळी सगळे आढळून आले. भाऊने खुर्ची स्वतः उचलून हवालदारांना दिली.

हवालदारांचा आवाज तसाच गोड. लिहिलेलं मला वाचून दाखवलं: सदर इसम हा तक्रारदार बाईंचा होणारा जावई असल्याचे परिसरातून समजते. मी म्हणालो, हे काय आहे! मी भाडेकरू आहे, साक्षीदार आहे! ते म्हणाले, अरे बाळा, गल्लीतली वीस माणसं तेच सांगतात. आता तू घरचाच झालास ना. घरच्याची साक्ष कशी धरायची? आणि वर मारहाण.

मग मला बाजूला घेऊन खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, ती वही आहे ना तुझ्याकडे, ती आण उद्या. साहेबांना दाखवतो. लिहिलेलं खोडता येत नाही कुणाला, तुझाच फायदा.

बरोबर आहे. लिहिलेलं आहेच सगळं. उद्या सकाळी देऊन येतो.

शनिवार, २२ फेब्रुवारी

वही आज परत मिळाली. तीन दिवस त्यांच्याकडे होती.

लाल पेनाच्या रेघा मारल्यात. काठ्यांखाली नाही, खरकट्याखाली नाही. निळा ड्रेस, रेघ. केस वाळवायला, रेघ. ५:१०, ५:२५, ५:१५, ५:१२, रेघ, रेघ. तिच्यामागोमाग मी इथे, तिला अजून माहीत नाही: दोन रेघा.

मग एक कागद पुढे सरकवला. तिची तक्रार. सदर मुलगा कॉलेजपासून माझ्या मागावर आहे, रोज खिडकीतून बघतो, मला भीती वाटते. खाली सही. अक्षर तिचंच, दीड वर्ष वर्गात फिरणाऱ्या तिच्या वह्यांतून मी ते उतरवून घेत होतो. भावाने सांगून लिहून घेतलं असेल, असं म्हणणार होतो. पण भीती या शब्दातला भ तिने गिरवला होता, दोनदा. सांगून कुणी गिरवत नाही.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आणि त्याहून वाईट असं की वही चाळताना माझं मलाच दिसलं. ती कधी बाहेर, कधी आत, अंगावर काय. ते पायऱ्यांवरचे मावशींच्या वेळा अशाच तर ठेवतात. मी तिचा कोण होतो? तिच्या दृष्टीने मी आठवा, खुर्ची नसलेला.

हवालदार म्हणाले, पोरीचा प्रश्न आहे, खिडकी बंद कर, नाहीतर आत टाकावं लागेल. घरी आलो तर प्लायवूड आधीच आलेलं. भाऊची माणसं, दोन शिपाई देखरेखीला. फळी चौकटीत चपखल बसली, एक सूतसुद्धा कापावी लागली नाही. खुंटी उपटली. खिळे जुन्या भोकांत अलगद गेले.

उस्तादने निरोप पाठवला, सोमवारपासून येऊ नको.

एक कळलं नाही. १२ तारखेच्या पानावर लाल रेघ नाही. तिथे ती नाहीच मुळी. समासात फक्त पेन्सिलची एक बारीक खूण. हसले असतील वाचून.

सोमवार, २४ फेब्रुवारी

दिवसाही दिवा लावावा लागतो. पायऱ्या दिसत नाहीत. ऐकू येतं.

चार वाजता काठ्या नाहीत. एकच शिट्टी, लांब. मग वीस मिनिटं काही नाही, पण ते तिथे आहेत, खोकतात, कुणीतरी हळू हसतं. काठ्या बऱ्या होत्या.

ठाण्यात फोन केला. कोण आहे? म्हणाले. मी म्हणालो, तेच सगळे. पाहिलंस? नाही, खिडकी तुम्हीच बंद— मग पाहिलं नाहीस ना, म्हणाले, आणि ठेवला.

मावशींनी बहिणीला कळवलंय. बहीण शुक्रवारी टेम्पो घेऊन येणार, दोघींना कायमचं घेऊन जाणार. मला म्हणाल्या, तूही जा रे बाळा, आजच जा, आमच्यापायी तुझं वाटोळं झालं. मी म्हणालो, शुक्रवारी तुमची ट्रंक मी चढवणार, मग जाईन. चार दिवस. चार वर्षं काढली त्यांनी, मी चार दिवस नाही काढायचे?

मंगळवार, २५ फेब्रुवारी

आज शिट्टीही नाही.

चिमणी पांढरी बटणं पिशवीत भरतेय. टेम्पोत बसायचंय म्हणून खूष. दिवसातून वीस वेळा खेळायला लावते. टक टक. टक. कोण? कोणी नाही. ती हसते तेव्हा बाहेर एकदम शांत होतं. ऐकत असल्यासारखं.

बुधवार, २६ फेब्रुवारी

शिपाई येऊन गेला. उद्या साडेतीनला मावशींनी ठाण्यात यायचं, एकटीनेच. घर सोडताय तर प्रकरण बंद केल्याची सही हवी. सही नसेल तर टेम्पो निघणार नाही म्हणे.

त्यांना कुणी सांगितलं टेम्पोचं?

मी सोबत येतो म्हणालो. मावशी म्हणाल्या, मग चिमणीपाशी कोण? खरंय. मी खाली तिच्यापाशी बसेन. दार लावून. चार वाजले की मशीन चालवीन, कापड नसलं तरी.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

३:३० मावशी गेल्या. जाताना चिमणीला दहादा बजावलं, दादाशिवाय कुणालाही कडी काढायची नाही. मी वर आलो, फक्त बॅग आणि वही घ्यायला. पाच मिनिटं.

३:४५ माझं दार उघडत नाही. बाहेरून कडी. जिन्यावर पाऊल वाजलं नव्हतं. एकही नाही.

३:५२ ठाण्यात फोन. मी तोंड उघडायच्या आत तिकडून, गोड आवाजात: बोला जावई.

गाडी पाठवा म्हणालो. पाठवतो म्हणाले. दीड तास. मावशींना द्या म्हणालो. त्या बसल्यात, साहेब यायचेत —

३:५८ खांदा दिला. दार हलत नाही. फळीचा एक खिळा नखांनी — रक्त.

४:०० काही नाही. वाण्याचं शटर खाली ओढल्याचा आवाज. मग आणखी एक शटर. समोर बाल्कनीचं दार लागलं. तिचं. बोल्ट सरकवला. तिलाही माहीत —

४:०३ प्लॅस्टिकची खुर्ची सरकली. कुणीतरी उठलं.

४:०५ ओरडलो. चिमणे, उघडू नकोस. जमिनीवर पाय आपटले, ओरडलो, कुणालाही उघडू नकोस! खालून ती हसली. तिला वाटतंय खेळ. बटणांची पिशवी वाजवतेय, मी पाय आपटतो तशी.

लिहितोय. लिहायचंच. वेळेसह. साक्षीदार मी आहे, दुसरं कोणी —

४:०७ खाली दार वाजलं.

दोनदा.

थांबले.

एकदा.

वही. १२ तारखेचं पान. ती पेन्सिलची — मीच — मीच लिहून दिलं त्यांना —

चिमणे नको चिमणे

ती विचारतेय, कोण?

पुरुषाचा आवाज. हा आवाज मी आजवर ऐकलेला नाही. शांत. किती गोड. म्हणाला, कोणी नाही.

चिमणी हसतेय. कडी —